आईंचा उजवा हात

माणसाचा खांदा आतल्या आत फाटतो, हे मला चाळिशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. हाड मोडतं, पाय मुरगळतो, कंबर धरते, मान अवघडते, हे सगळं ऐकून होते. पण खांद्यात हात वर उचलणारा स्नायूचा एक पट्टा असतो, तो वयाने विरत जातो आणि एखाद्या हिसक्याने फाटतो, वरून ना जखम ना रक्त, हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी ऐकलं असतं का, कोण जाणे. त्या दिवसांत मला दुसरंच काहीतरी दिसत होतं आणि माझी त्याबद्दल पक्की खात्री होती.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. सासर देवगाव रंगारीचं, शेतीवाडीवालं, गावात वजन असलेलं मराठा घर. आम्ही बौद्ध. माझ्या बाबांनी उमेदीची सारी वर्षं मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, पोती वाहण्यात घालवली आणि मला शिकवलं. क्रांती चौकाजवळच्या एका कार्यालयात मी कारकून म्हणून लागले, तिथंच नवरा भेटला. लग्न आम्ही दोघांनीच ठरवलं आणि दोघांनीच केलं. पुढची सहा वर्षं देवगावचं दार आम्हाला बंद होतं. मग सासरे गेले, धाकट्या दिराचं आणि आईंचं जमेना, आणि एका सकाळी पत्र्याची पेटी आणि ज्वारीचं अर्धं पोतं घेऊन आई मुकुंदवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांत राहायला आल्या.

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे माझ्या कार्यालयातला शिपाईसुद्धा सांगेल. त्यात आई येणार म्हटल्यावर मी आधीच कंबर कसून बसले होते. बाबा लहानपणी ज्या वाड्यात गुरं राखायचे, तिथं त्यांना भाकरी वरून टाकली जायची. पाणी ओंजळीत, तेही वरूनच. ही गोष्ट ते कधी रडत सांगायचे नाहीत, हसत हसत सांगायचे, आणि म्हणून ती माझ्या जास्तच जिव्हारी लागायची. "तोंडानं सगळेच गोड बोलत्यात," ते म्हणायचे, "देताना हात कसा येतो ते बघायचं." आई घरात आल्या त्या दिवसापासून मी तेच बघत होते.

आणि खरं सांगायचं तर बघण्यासारखं काही सापडत नव्हतं. आई कमी बोलायच्या, पण संध्याकाळी मी दमून आले की चहाचा कप माझ्या हातात द्यायच्या. दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर त्यांनी आपणहून तेलाची वाटी घेतली आणि म्हणाल्या, "ये, बस हिथं. केसांच्या पार झिंज्या झाल्यात." त्यांनी मला पुढ्यात बसवून डोक्याला तेल घातलं, चांगलं अर्धा तास. माझी आई मी नववीत असताना गेली. त्यानंतर माझ्या डोक्याला असा कुणाचा हात लागला नव्हता. मी तोंड पुढं करून गुपचूप रडून घेतलं. त्यानंतर दर रविवारी ते ठरूनच गेलं.

मग तिसऱ्या उन्हाळ्यात तो पाण्याचा दिवस आला. आमच्याकडं नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, उन्हाळ्यात दहाव्या-बाराव्या दिवशीही. ज्या दिवशी येईल त्या दिवशी घरातल्या एकानं सगळी कामं टाकून हंडे, ड्रम, बादल्या भरायच्या. त्या दिवशी दुपारी पाणी आलं तेव्हा मी कार्यालयात होते आणि नवरा वाळूजला कंपनीत. मोटारीनं पाणी वर चढेना म्हणून आईंनी एकटीनं खालून वर घागरी वाहिल्या. संध्याकाळी मी आले तर जिना अजून ओला होता आणि आई भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"पायरीवरनं घसरले जरा," त्या म्हणाल्या.

"लागलं का?"

"नाय गं. कठड्याला धरलं म्हणून वाचले. हाताला जरासा हिसका बसला."

मी त्यांचे गुडघे पाहिले, तळवे पाहिले. कुठं खरचटलं नव्हतं. मी कापूर घातलेलं तेल आणून दिलं आणि ड्रमची झाकणं लावायला गेले. माझं बघणं तेवढंच होतं.

त्यानंतरच्या रविवारी तेलाची वाटी निघाली नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. मी विचारलं नाही. विचारायचं म्हणजे मागायचं, आणि मागणं माझ्या स्वभावात बसत नाही. मग चहा हातात यायचा बंद झाला. आई कप ओट्यावर ठेवायच्या आणि माझ्याकडं सरकवायच्या. मी स्वतःला समजावलं की त्यांना घाई असेल. पण रोज कसली घाई? एकदा मी मुद्दाम हात पुढं करून उभी राहिले. त्यांनी माझ्या हाताकडं पाहिलं, थांबल्या, आणि कप ओट्यावरच ठेवला. त्या दिवशी मी तो चहा मोरीत ओतला.

एकदा का संशय आला की मग काय, जिकडं तिकडं तेच. भाकऱ्या जाड आणि वेड्यावाकड्या व्हायला लागल्या, तर मला वाटलं मन नसलं की असंच होणार. सकाळी मी उठायचे तेव्हा आई डाव्या कुशीवर, आमच्या खोलीकडं पाठ करून झोपलेल्या असायच्या. आधी तशा झोपत नसत. मीही मनात म्हटलं, करा पाठ. सगळ्यात मोठा घाव कपानं घातला. स्वयंपाकघरात ओट्यावर दोन फळ्या होत्या, कपबश्या, पेले वरच्या फळीवर असायचे. एके दिवशी बघते तर आईंनी आपले आणि मुलाचे स्टीलचे पेले खालच्या फळीवर आणून मांडलेले, आणि वरच्या फळीवर माझा एकटीचा चिनीमातीचा कप. मी किती वेळ त्या कपाकडं बघत उभी होते, आठवत नाही.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तू पण ना, काहीतरीच. आई तशी नाही." पाळ्यांच्या नोकरीत तो घरी येऊन जेवायचा आणि झोपायचा, त्याला काय दिसणार. मी त्याच्याशीही दोन दिवस बोलले नाही.

ऑगस्टमध्ये बाबा आले. शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतात, पण लेकीच्या घरी ते वर्षातून दोन-तीनदाच येतात, तेही जेवायला म्हणून फार कमी. त्या दिवशी आईंनीच त्यांना आग्रहानं थांबवून घेतलं. "बसा दादा, असं कसं, चार घास खाऊन जा." आमचं जेवणाचं टेबल लहान, भिंतीला लावलेलं. बाबा आतल्या बाजूला, भिंतीकडं बसले. मी कोशिंबीर करत होते. आई तव्यावरची गरम भाकरी घेऊन टेबलाशी आल्या, उजवा हात त्यांनी पुढं केला, अर्ध्यातच थांबवला, आणि भाकरी वीतभर वरून बाबांच्या ताटात पडली. आमटीची वाटी कलंडली. बाबांच्या सदऱ्यावर आमटी उडाली.

त्यांनी बोटानं सदरा पुसला, भाकरी मोडली आणि खाली मान घालून जेवले. जाताना आईंना म्हणाले, "जेवण झ्याक झालं, ताई." मी त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं त्या वाड्यातलं पोर होतं. ते काहीतरी बोलणार होते असं आता वाटतं. पण माझं तोंड बघूनच बहुतेक गप्प बसले.

वर आले आणि मी सुटलेच. काय काय बोलले ते सगळं इथं लिहिण्याची माझी हिंमत नाही. कप वेगळा ठेवलात, चहा हातात देईनात, तेवढ्यानं भागलं नाही म्हणून माझ्या म्हाताऱ्या बापाला घरी बसवून भाकरी फेकलीत. तीन वर्षं मनात ठेवलंत आणि आज दाखवलंत. मी असंही म्हणाले की माझ्या पगाराच्या ज्वारीची भाकरी फेकताना विटाळ नाही झाला का.

आई ओट्याला टेकून उभ्या होत्या. त्यांचा डावा हात उजव्या दंडावर होता. तेही मला आता आठवतं. तेव्हा दिसून दिसलं नाही. त्या अगदी हळू म्हणाल्या, "चुकलं माझं."

मला हवं होतं ते मिळालं. गुन्हा कबूल झाला. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी कामापुरतंही बोलले नाही. माझा चहा मी केला, माझं ताट मी वाढून घेतलं. गणपती झाले, दसरा झाला, दिवाळी आली आणि गेली. आम्ही त्याच दोन खोल्यांत एकमेकींना वळसा घालून फिरत होतो. नवरा मधे पडायचा प्रयत्न करायचा. मी म्हणायचे, तुझ्या आईनं स्वतःच्या तोंडानं कबूल केलंय, आता कशाला वकिली करतोस.

डिसेंबरातल्या एका रविवारी मी भाजी आणायला गेले आणि पैशाचं पाकीट विसरले म्हणून अर्ध्यातून परत आले. बाहेरच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आई न्हाऊन कपडे करत होत्या, त्यांना माझी चाहूल लागली नाही. त्यांनी डाव्या हातानं आपलं उजवं मनगट धरलं, उचललं, आणि तो हात ब्लाउजच्या बाहीत घातला. आपण झोपलेल्या लेकराचा हात झबल्यात घालतो ना, तसा. मग त्या खाली बसल्या, डोकं पार गुडघ्यावर टेकवलं आणि डाव्या हातानं विंचरायला लागल्या. फणी मागच्या केसांपर्यंत पोचत नव्हती. उजव्या खांद्याच्या मागं, फऱ्याच्या वर, मांस होतं तिथं खड्डा पडलेला दिसत होता.

मी दारातच उभी राहिले. मला काही विचार करावा लागला नाही. ज्या हाताला स्वतःची बाही चढवता येत नाही, तो हात माझ्या डोक्याला तेल कसा लावणार होता, वरच्या फळीपर्यंत कसा जाणार होता? पेले त्यांनी खाली आणले कारण ते त्यांना दिवसभर लागायचे. माझा कप चहाच्या वेळी मीच काढायचे, मीच धुवायचे आणि मीच परत वर ठेवायचे. त्याला कुणी वेगळं काढलं नव्हतं. उजव्या कुशीवर झोपवत नव्हतं म्हणून त्या कूस बदलून झोपत होत्या. टेबलापलीकडं हात लांबवताना तो भाकरीसकट गळून पडला होता. मी सात महिने एका आजाराची एक एक खूण मोजली होती आणि प्रत्येक खुणेला दुसऱ्याच आजाराचं नाव दिलं होतं.

"आई," मी म्हटलं. चार महिन्यांनी पहिल्यांदा. त्या दचकल्या आणि पदर ओढायला लागल्या, तोही डाव्या हातानं.

"कधीपासून आहे हे?"

"पाण्याच्या त्या रोजापासनं."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी फणी पेटीवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी त्यांना हाडांच्या डॉक्टरांकडं नेलं. तरुण डॉक्टर होते, शांत. मी आपली शहाणी, आधीच सांगून मोकळी झाले की खांदा आखडलाय बहुतेक, आमच्या कार्यालयातल्या एका बाईंचा आखडला होता. डॉक्टरांनी आईंचा हात स्वतःच्या हातात घेतला आणि बाजूनं वर नेला. हात सहज वर गेला, कानापर्यंत. मला हायसं वाटलं. ते म्हणाले, "आखडलेला खांदा असता तर माझ्यानंसुद्धा वर गेला नसता. आता बघा हं. आजी, मी सोडतो, तुम्ही हात असाच धरून ठेवायचा." त्यांनी हात खांद्याच्या रेषेपर्यंत खाली आणला आणि सोडला. तो हात धपकन खाली पडला. आईंनी ओठ दाबून धरले. डॉक्टरांनी पुन्हा एकदा करून पाहिलं नाही.

एमआरआय काढला. पट्टा पूर्ण फाटला होता, फाटलेलं टोक आत ओढलं गेलं होतं आणि न वापरल्यामुळं मागचा स्नायू वाळून त्याची चरबी झाली होती. आता शिवायला गेलं तर टाका धरणार नाही, ते म्हणाले. मी विचारलं, लवकर आणलं असतं तर? त्यांनी चष्मा काढून पुसला. "पहिल्या दोन-तीन महिन्यांत शिवता आलं असतं, चांगली शक्यता होती." मे, जून, जुलै, ऑगस्ट. मी तिथंच खुर्चीवर बसून बोटांवर मोजलं. बाबा जेवायला आले तेव्हा तीन महिने पुरते भरलेही नव्हते. त्या दुपारी तोंड सोडण्याऐवजी मी नुसतं "हाताला काय झालंय" एवढं विचारलं असतं, तर तो हात वाचण्यासारखा होता. सांधाच बदलायची एक मोठी शस्त्रक्रिया असते, डॉक्टरांनी तीही समजावून सांगितली. आईंना साखर आहे. त्यांनी हात जोडायला घेतले, उजवा वर येईना म्हणून डावाच छातीशी नेला आणि नको म्हणाल्या. कितीही समजावलं तरी नकोच म्हणाल्या.

त्या आठवड्यात मी बाबांकडं गेले. त्यांना हे सांगणं मला भाग होतं. भाकरीचा तो अपमान त्यांच्या मनातून पुसायचा होता. मी सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "म्हंजे तू दवाखान्यात आत्ता नेलंस व्हय त्यांना?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"अगं, निम्मी हमाली खांदा गेलेल्या माणसांसंगं केली मी. भाकरी देताना हात कसा लटपटला त्यांचा. डाव्या हातानं पाव्हण्याला वाढू नये म्हणून बिचारी उजव्यानंच वाढायला गेली. मला वाटलं, तुम्ही एका घरात राहता, तुम्हाला ठाव असंल. औषधपाणी चालू असंल. रिक्षापाशी विचारणार होतो, पण तू लई तापलेली होतीस."

त्यांचा अपमान झालाच नव्हता. मीच तो त्यांच्या नावानं केला होता आणि चार महिने जपून ठेवला होता. मला तिथं बाबांसमोर रडूही येईना.

आता रोज सकाळी कार्यालयात जायच्या आधी मी आईंची वेणी घालते, ब्लाउजची बाही चढवते, हुक लावते. पाण्याच्या दिवशी रजा टाकते. हात कमरेपर्यंत चालतो. भांडी विसळता येतात, भाजी निवडता येते. त्या कुरकुर करत नाहीत आणि तेच मला सोसत नाही. एकदा तरी त्यांनी मला चार शिव्या द्याव्यात असं वाटायचं. शेवटी परवा न राहवून मी विचारलंच. वेणी घालता घालता, त्यांचं तोंड पलीकडं असताना.

"आई, त्या दिवशी मी एवढं वाईट बोलले. तुम्ही हात दुखतो म्हणाला असतात तर मी तिथंच थांबले असते. 'चुकलं माझं' का म्हणालात? तुमचं काय चुकलं होतं?"

मी वेणीचा पेड धरून थांबले.

"मी हिथं आले ना," त्या म्हणाल्या, "तवा पयलं सालभर तुझ्या हातचं पाणी पिताना माझ्या मनात यायचं. पोराच्या भीतीनं पीत व्हते. चहा हातात द्यायचे, आन् तू आत गेलीस की हात धुवायचे. मंग हळूहळू गेलं ते. तुझ्या डोक्याला तेल लावाया लागले तवा पार गेलं. पर तू बोललीस तवा वाटलं, हिला कळलंय. आत्ताचं नाय, पण तवाचं खरंच हाय. मंग खांदा दुखतो म्हणून कोणत्या तोंडानं सांगू? वाटलं, फेड हाय ही. दुखू दे."

मी वेणी पुरी केली. रिबीन बांधली. सात महिने मी जे ओळखलं म्हणत होते ते खोटं होतं, आणि त्या आल्या ते पहिलं वर्षभर, जेव्हा मी डोळ्यांत तेल घालून बघत होते, तेव्हा ते खरं होतं आणि मला दिसलं नव्हतं. मी त्यांच्यावर रागवायला हवं होतं की त्यांच्या पाया पडायला, मला कळेना. मी त्यांच्या पुढ्यात जाऊन बसले. त्यांनी डावा हात उचलला, हवेतच थांबवला, आणि विचारलं, "ह्या हातानं चालंल का गं?"

मी डोकं पुढं केलं.